कोरियन बोलणारा इमिग्रेशन कन्सल्टंट धरला की कॅनडाचा पीआर (कायम राहायची परवानगी) लवकर होतो? नाही हो!

टोरंटोच्या नॉर्थ यॉर्कमधे, व्हँकुव्हरजवळ बर्नाबीत नव्याने आलेल्या कोरियन लोकांमधे कोणाचा असा समज असेल तर तो सोडा. असं काही नसतं! कॅनडा सरकार स्वतःच सांगतं की कन्सल्टंट लावायलाच पाहिजे असं नाही, आणि लावला म्हणून फाईल पुढे सरकत नाही. परक्या देशात आपल्या भाषेत समजावणारं कोणी भेटलं की केवढा धीर येतो, ते खरंच, पण भाषा येणं म्हणजे लायसन्स नव्हे, पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर माणूस वकील वगैरे हवा, नाहीतर कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचं लायसन्स हवं, कन्सल्टंटवर देखरेख ठेवणारी ही संस्था २०२१ पासून आहे. नुसता शाळा-कॉलेजात अ‍ॅडमिशन करून देणारा एजंट चालत नाही. या संस्थेचं लायसन्सवाल्यांचं रजिस्टर ऑनलाईन फुकट बघता येतं, कन्सल्टंटच्या करारावर सही करायच्या आधी नाव तिथे शोधाच.