हार्डनर जास्त टाकला की जोड जास्त पक्का? उलटंच होतं

दोन ट्यूबवाला इपॉक्सी ग्लू (एका ट्यूबमध्ये रेझिन, दुसरीत त्याला घट्ट करणारा हार्डनर) वापरताना बरेच जण हार्डनरचा थोडा जास्त थेंब टाकतात, म्हणजे लवकर सुकेल म्हणून. ही सवय बहुतेक फायबरग्लासच्या पॉलिएस्टर रेझिनवरून आलेली असावी, तिथे टक्का-दोन टक्के केमिकल टाकतात आणि ते वाढवलं की खरंच लवकर घट्ट होतं. इपॉक्सीत तसं नाही, कारण इथला हार्डनर रिअ‍ॅक्शनला नुसता ढकलत नाही, तो स्वतःच ग्लूचा भाग होऊन बसतो.

इपॉक्सीच्या रेणूला साधारण दोन टोकं असतात आणि ट्रायइथिलिन टेट्रामाइन नावाच्या हार्डनरला समजा सहा हात. प्रत्येक हाताने एक टोक धरलं की जाळं तयार होतं. नेहमीच्या १०० ग्रॅम रेझिनला हा हार्डनर फक्त १३ ग्रॅमच्या आसपास लागतो. जास्त टाकला तर बरेच हात रिकामेच राहतात, जाळं सैल पडतं, वर ते उरलेलं अमाइन, म्हणजे हाच हार्डनर, पाणी ओढून घेतं, आणि धातूच्या जोडाला पाण्यासारखा शत्रू नाही.

आता कुठला हार्डनर घ्यायचा, खरी गंमत इथे आहे. पाच मिनिटवाल्यात मरकॅप्टन जातीचा हार्डनर असतो, काम झटपट पण गरम झालं की ढिला पडतो. पॉलिअमाइड सावकाश चालतो पण लवचिक, आणि मापात थोडंफार इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतो. अ‍ॅरोमॅटिक अमाइनला ओव्हनमध्ये १५०-१८० अंश द्यावे लागतात पण मग उष्णतेला तो दाद देत नाही. डायसायनडायमाइड तर पावडर, रेझिनमध्ये नुसती झोपून असते आणि तापवल्यावरच जागी होते, म्हणून कारच्या बॉडीत हा ग्लू आधीच लावून ठेवतात आणि तो पेंटच्या भट्टीत आपोआप पक्का होतो.

मग सगळ्यात कडक तोच घ्यावा का? नाही ना. १ मीटर अ‍ॅल्युमिनियम १०० अंश तापलं की साधारण २.३ मिमी वाढतं, स्टील १.२ मिमी, आणि मधल्या बिचाऱ्या ग्लूने दोघांना धरून ठेवायचं. फार कडक जाळं इथे ताण सहन करत नाही, विशेषतः कडेने सोलल्यासारखा जोर आला तर चीर पडते ती सरळ शेवटपर्यंत जाते.

अजून एक, यात भलेभले फसतात. कपात उरलेला ग्लू तासाभरात दगड झाला म्हणून क्लॅम्प काढू नका, कपात ढीग असतो त्यामुळे रिअ‍ॅक्शनची उष्णता आतच कोंडून तो भराभर पिकतो, जोडातला थर मात्र कागदाएवढा पातळ आणि त्याची उष्णता दोन्ही बाजूचा धातू शोषून घेतो, म्हणजे तिकडे अजून निम्मं काम बाकी असू शकतं.