लहानपणी अमेरिकेत आणलेल्यांसाठी ‘डाका’: कोण पात्र, कोणते कागद, अर्ज कसा

अमेरिकेत अशी लाखो माणसं आहेत जी तिथे स्वतःच्या निर्णयाने गेली नाहीत. कुणाला आईने कडेवर घेऊन सीमा ओलांडली, कुणी पर्यटक व्हिसावर विमानाने उतरलं आणि व्हिसा संपला तरी आई-वडील परतले नाहीत. शाळा तिथलीच, मित्र तिथलेच, पण कागद नाहीत. अशांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाचा परवाना देणारी योजना म्हणजे ‘डाका’ (डिफर्ड ॲक्शन फॉर चाइल्डहूड अरायव्हल्स). राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या काळात, १५ जून २०१२ रोजी गृहसुरक्षा मंत्री जॅनेट नेपोलिटानो यांनी काढलेल्या आदेशाने ती सुरू झाली. आतापर्यंत आठ लाखांहून जास्त लोकांना तिचा लाभ मिळाला आहे. २०२५ च्या सुरुवातीला हा परवाना हातात असलेले सव्वापाच लाखांच्या आसपास होते आणि त्यात मेक्सिकोत जन्मलेल्यांचा वाटा फार मोठा आहे.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. डाकामुळे कायदेशीर दर्जा मिळत नाही. ग्रीन कार्ड नाही, नागरिकत्व नाही, त्याकडे जाणारी वाटही नाही. ‘तुमच्यावरची कारवाई आम्ही दोन वर्षं पुढे ढकलतो आणि तोवर तुम्हाला काम करू देतो,’ एवढंच सरकार म्हणतं. दर्जा देण्याचा अधिकार संसदेचा, आणि तिथे हा वाद २००१ पासून अडकून पडला आहे. रिपब्लिकन ऑरिन हॅच आणि डेमोक्रॅट डिक डर्बिन यांनी मिळून त्या वर्षी अशा मुलांना कायदेशीर दर्जा देणारा ‘ड्रीम ॲक्ट’ मांडला. डिसेंबर २०१० मध्ये तो प्रतिनिधिगृहात २१६ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झाला. सिनेटमध्ये त्याला ५५ मतं मिळाली, पण चर्चा संपवून मतदान घ्यायलाच ६० लागतात. पाच मतांनी तो पडला.

विरोधकांचं म्हणणं असं की नियम मोडून आलेल्यांना दर्जा दिला तर आणखी लोक मुलांना घेऊन येतील, रांगेत उभ्या असलेल्यांवर अन्याय होईल, आणि असा निर्णय राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशाने घेणं चूक आहे. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, कोर्टातले बरेच खटले त्याच्याच भोवती फिरतात. पण पाच वर्षांच्या मुलाने व्हिसाचा नियम मोडला असं म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. आई-वडिलांच्या निर्णयाची शिक्षा मुलाने चाळिशीपर्यंत भोगावी यात न्याय कुठला?

पात्रता

सगळा खेळ तारखांचा आहे, त्यामुळे कॅलेंडर समोर ठेवूनच पुढचं वाचा. अर्जदार १५ जून २०१२ रोजी ३१ वर्षांच्या आतला हवा, म्हणजे जन्म १६ जून १९८१ किंवा त्यानंतरचा. वयाची सोळा वर्षं पूर्ण होण्याआधी तो अमेरिकेत आलेला हवा. १५ जून २००७ पासून आजपर्यंत त्याचं वास्तव्य सलग अमेरिकेत हवं. १५ जून २०१२ या दिवशी तो प्रत्यक्ष अमेरिकेत हवा आणि त्या दिवशी त्याच्याकडे कोणताही कायदेशीर दर्जा नसावा. अर्ज करतानाही तो देशातच हवा, आणि हद्दपारीचा खटला चालू नसेल तर किमान १५ वर्षांचा हवा.

शिक्षणाची अटही आहे. शाळेत शिकत असणं, हायस्कूल पूर्ण केलेलं असणं किंवा हायस्कूलच्या बरोबरीची जीईडी परीक्षा उत्तीर्ण असणं, यापैकी एक. सैन्यातून किंवा तटरक्षक दलातून सन्मानाने सेवामुक्त झालेलेही चालतात. गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेली नसावी, तीन किंवा अधिक किरकोळ गुन्हेही नसावेत. दारू पिऊन गाडी चालवल्याचा एकच गुन्हा सिद्ध झाला असला तरी अर्ज बाद होऊ शकतो, कारण तो ‘लक्षणीय’ गुन्ह्यांत मोजला जातो. साधा वाहतुकीचा दंड त्यात येत नाही.

या तारखा २०१२ नंतर कधीच पुढे सरकल्या नाहीत. २००७ च्या जूनमध्ये जे मूल अमेरिकेत होतं तेच आत, त्यानंतर आलेलं बाहेर. त्यामुळे आज हायस्कूल संपवणाऱ्या बिनकागदाच्या मुलांना ही योजना जवळजवळ बंदच आहे. दुसरीकडे, ज्यांना बातम्यांत अजून ‘मुलं’ म्हणतात त्यांतले थोरले चाळिशी ओलांडून गेले आहेत आणि त्यांची स्वतःची मुलं जन्माने अमेरिकन नागरिक आहेत.

आपल्याकडे एक गैरसमज आहे की हे सगळं सीमेवरून चोरून आलेल्यांसाठी आहे. तसं नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या किंवा वडिलांची नोकरी जाऊन दर्जा गेलेल्या कुटुंबातल्या मुलांनाही लागू होतं, फक्त तो दर्जा १५ जून २०१२ च्या आधी संपलेला हवा. अशी भारतीय घरं आहेत. लाजेपोटी ती मराठी मंडळाच्या गणपतीलाही येत नाहीत, मग चौकशी कुणाकडे करणार? लाजेपायी चौकशीच न करणं हेच या घरांतल्या मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान आहे.

कागदपत्रं

ओळखीसाठी भारतीय पासपोर्ट सगळ्यात सोपा. तो नसेल तर जन्मदाखला आणि सोबत फोटो असलेलं ओळखपत्र. इथे मराठी घरांना दोन ठिकाणी अडतं. पहिलं, जुना जन्मदाखला नुसता मराठीत असतो, आणि कित्येकदा त्यात बाळाचं नावच नोंदलेलं नसतं. नाव नसेल तर गावी कुणाला तरी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत पाठवून ते नोंदवून घ्या. मराठी दाखल्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं लिहून सही करायची असते. नोटरीची गरज नसते. दुसरी अडचण नावाची. पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट तीन नावं, शाळेच्या रजिस्टरमध्ये दोनच, बँकेत आणखी तिसऱ्या स्पेलिंगने. अशी तफावत असेल तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत हे अर्जात ‘वापरलेली इतर नावं’ या रकान्यात लिहा, लपवू नका.

सोळा वर्षांआधी आल्याचा पुरावा म्हणून पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का, आय-९४ नोंद (देशात कधी आलात आणि कधीपर्यंत राहू शकता याची सरकारी नोंद), अमेरिकेतल्या शाळेचे प्रवेशाचे कागद, लसीकरणाची नोंद किंवा दवाखान्याचे कागद चालतात. १५ जून २०१२ रोजी दर्जा नव्हता हे दाखवायला मुदत संपलेला आय-९४ किंवा हद्दपारीच्या खटल्याची नोटीस.

खरा कस लागतो तो सलग वास्तव्य सिद्ध करताना. २००७ पासूनचं प्रत्येक वर्ष कागदावर उभं करायचं असतं. शाळेची प्रगतिपुस्तकं, लसीच्या नोंदी, घरभाड्याच्या पावत्या, विजेची बिलं, बँकेचे उतारे, पगाराच्या पावत्या, करविवरण, पोस्टाच्या शिक्क्याची पत्रं, देवळाने किंवा चर्चने दिलेल्या नोंदी, यातलं जे मिळेल ते. शाळेत असेपर्यंतची वर्षं सहज भरतात, कारण अमेरिकन शाळा नोंदी जपून ठेवतात आणि मागितल्यावर देतात. अडचण येते ती शाळा सुटल्यापासून पहिला परवाना मिळेपर्यंतच्या काळाची. त्या काळात माणूस रोखीवर जगतो, भाडं मित्राच्या नावावर असतं, फोन भावाच्या नावावर. मधल्या लहान खंडासाठी किमान दोन माणसांची शपथपत्रं चालतात, पण वय किंवा शिक्षण सिद्ध करायला ती पुरत नाहीत. दर वर्षाला तीन-चार कागद मिळतील असं बघा, वर्षवार फाईल लावा आणि वर यादी जोडा. मूळ प्रती पाठवू नका, झेरॉक्स पाठवा.

अर्ज आणि शुल्क

तीन फॉर्म एकत्र भरायचे: योजनेसाठी आय-८२१डी, कामाच्या परवान्यासाठी आय-७६५, आणि कामाची आर्थिक गरज सांगणारा आय-७६५डब्ल्यूएस. आय-७६५ मध्ये वर्ग ‘सी-३३’ लिहायचा. एप्रिल २०२४ पासून आय-८२१डी आणि आय-७६५ यांचं मिळून शुल्क कागदी अर्जाला ६०५ डॉलर आणि ऑनलाइन ५५५ डॉलर आहे. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून कागदी अर्जासोबत साधा चेक किंवा मनी ऑर्डर घेत नाहीत. कार्डाने भरायचं तर जी-१४५० आणि बँक खात्यातून भरायचं तर जी-१६५० हा फॉर्म जोडावा लागतो. पोच आली की बोटांचे ठसे आणि फोटोसाठी बोलावणं येतं. ती तारीख चुकवू नका. घर बदललं तर दहा दिवसांत एआर-११ फॉर्मने पत्ता कळवा, नाहीतर पत्र जुन्या दारात पडून राहतं आणि अर्ज फेटाळला जातो.

नूतनीकरण मुदत संपण्याच्या १५० ते १२० दिवस आधी करा. त्यात जुने सगळे पुरावे पुन्हा लागत नाहीत. गेल्या मंजुरीनंतर परवानगीशिवाय देश सोडला नाही, सलग राहिलो, गुन्हा नाही, एवढं दाखवायचं असतं. मुदत संपून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर तो नूतनीकरणच धरतात. वर्ष उलटलं की तो नवा अर्ज होतो, आणि नव्या अर्जाचं आज काय होतं ते पुढे वाचा.

नवे अर्ज कुठे अडले

सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने योजना बंद केली. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती बंदी रद्द केली, पण कारण एवढंच की सरकारने योग्य पद्धत पाळली नव्हती. डाका कायदेशीर आहे की नाही यावर कोर्टाने काही ठरवलं नाही. पुढे टेक्सासमधले न्यायाधीश अँड्र्यू हॅनन यांनी जुलै २०२१ मध्ये योजना बेकायदा ठरवली. तेव्हापासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांचे अर्ज घेतले जातात, त्यावर निकाल दिला जात नाही. आधीपासून लाभ असलेल्यांची नूतनीकरणं चालू ठेवली गेली. जानेवारी २०२५ मध्ये टेक्सासवर अधिकार असलेल्या पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टाने बंदी टेक्सासपुरती केली आणि तिथेही हद्दपारीपासूनचं संरक्षण आणि कामाचा परवाना वेगवेगळे मोजले, म्हणजे संरक्षण राहू शकतं, पण परवाना नाही. अंमलबजावणी ठरवायला प्रकरण पुन्हा हॅनन यांच्याकडे गेलं.

म्हणून पहिल्यांदा अर्ज करायचा विचार असेल तर घाई नको. अर्ज करायच्या दिवशी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या (यूएससीआयएस) संकेतस्थळावरचं डाकाचं पान वाचा आणि मगच पैसे भरा. तुमचा पत्ता, तुमच्या घरच्यांची माहिती सरकारकडे जाणार आहे. २०२२ च्या नियमात ती हद्दपारीसाठी न वापरण्याची तरतूद आहे, पण फसवणूक, गुन्हा आणि राष्ट्रीय सुरक्षा हे अपवाद आहेत, आणि नियम बदलू शकतात. २०२५ मध्ये डाका असलेल्या काही जणांनाही ताब्यात घेतलं गेलं. त्यामुळे इमिग्रेशन वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या संस्थेचा प्रतिनिधी यांच्याकडूनच कागद तपासून घ्या. ओळखीतला कर सल्लागार किंवा व्हॉट्सॲपवरचा ‘एजंट’ यासाठी चालणार नाही.

भारतात आजी आजारी आहे म्हणून विमानात बसलात तर योजना गेली. जाण्याआधी आय-१३१ भरून प्रवासाची परवानगी हातात हवी. ती शिक्षण, नोकरी किंवा मानवतेच्या कारणासाठी मिळते, सहलीसाठी नाही. मिळाली तरी परत आत घेतील याची हमी नसते. परवानगीशिवाय गेलात आणि अठराव्या वर्षानंतर वर्षभराहून जास्त काळ बेकायदा राहिल्याची नोंद असेल, तर दहा वर्षं परत येता येत नाही.

एच-४ वरची मुलं

आपल्या बहुसंख्य वाचकांचा प्रश्न इथे आहे. आई-वडिलांच्या एच-१बी वर कायदेशीर आलेली मुलं डाकाला पात्र नाहीत, कारण २०१२ च्या त्या दिवशी त्यांच्याकडे दर्जा होता. नियम पाळणाऱ्यांच्या मुलांना त्यातून काहीच मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) संपतो. अशा मुलांची संख्या दोन लाखांहून जास्त असल्याचा अंदाज आहे. मार्च २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने २२८ विरुद्ध १९७ मतांनी मंजूर केलेल्या विधेयकात या मुलांचाही समावेश होता. ते सिनेटमध्ये अडलं.

तोवर दोन गोष्टी हातात आहेत. मूल अठराचं झालं की २००२ च्या बाल दर्जा संरक्षण कायद्यानुसार त्याचं वय वकिलाकडून मोजून घ्या. वडिलांची किंवा आईची आय-१४० याचिका (ग्रीन कार्डासाठी सहसा कंपनीने केलेली) जितके दिवस प्रलंबित होती तितके दिवस वयातून वजा होतात. आणि ग्रीन कार्डाची तारीख तरीही जुळत नसेल तर एफ-१ विद्यार्थी दर्जात बदलण्याचा अर्ज एकविसाव्या वाढदिवसाच्या बऱ्याच महिने आधी दाखल करा, कारण कॉलेजकडून आय-२० (विद्यार्थी दर्जासाठी लागणारा प्रवेशाचा कागद) मिळायलाच वेळ जातो.