धुऱ्यापलीकडचा पाऊस : दुखावणाऱ्यांसाठी प्रार्थना, तिची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यात वैर बहुधा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उगवते. नांगराच्या दोन सऱ्या शेजाऱ्याकडे सरकल्या, पांदण अडली, सुटलेले बैल उभ्या पऱ्हाटीत शिरले की बोलणे तुटते. भाऊबंदकी असली तर हा अबोला वाटणीसोबत पुढच्या पिढीच्याही पदरात पडतो. ‘जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा’ (मत्तय ५:४४) हे वचन घरगुती प्रार्थनासभेत वाचले, की ऐकणाऱ्यापुढे रोमी शिपाई उभा राहत नाही, धुऱ्यापलीकडचा चुलतभाऊ उभा राहतो. वचनाचा अर्थ लहान केला, असे कुणी म्हणेल. पण या शिकवणीचे मूळ खरोखरच गुराढोरांत आणि शेताच्या बांधावर आहे.

सर्वांत जुना धागा बायबलातल्या निर्गम या पुस्तकात, २३:४-५ मध्ये, सापडतो. वैऱ्याचा बैल किंवा गाढव मोकाट दिसले तर ते त्याच्याकडे नेऊन पोचवायचे. द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली दबले असेल तर तोंड फिरवून न जाता हात लावायचा. वैऱ्याबद्दल मनात काय वाटावे, यावर तिथे एक अक्षर नाही. आपल्याकडे १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याने पिकात शिरलेले जनावर धरून २४ तासांत कोंडवाड्यात पाठवण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. निर्गमातही पिकाच्या नुकसानीचा हिशेब सुटलेला नाही. आधीच्याच अध्यायात (२२:५), दुसऱ्याचे शेत चारले तर आपल्या उत्तम पिकातून भरपाई द्यावी, असे बजावले आहे. भरपाई आणि बैल पोचवणे ही दोन्ही कलमे एकाच नियमशास्त्रात आहेत, हे पुढे कामी येते.

प्रार्थनेचा भाग हळूहळू आला. लेवीय १९:१८ ने आपल्या लोकांविषयी मनात दंश ठेवायला मनाई केली. बाबेलात धरून नेलेल्या यहूद्यांना यिर्मयाने पत्र लिहिले (२९:७): ज्या नगरात तुम्हाला नेले त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे. ईयोबाची गोष्ट आणखी जवळची. दुःखात भेटायला आलेल्या मित्रांनी त्यालाच दोषी ठरवले, आणि त्याचे दिवस पालटले ते त्याने त्याच मित्रांसाठी प्रार्थना केल्यावर (४२:१०). तरी त्याच ग्रंथात स्तोत्र १०९ आहे, १३७ आहे, ज्यांत वैऱ्याला दिलेले शाप अंगावर येतात. ख्रिस्ती वाचकाला हे अवघड जाते. १९७१ च्या रोमन कॅथलिक नित्यप्रार्थना-ग्रंथातून तर ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे पूर्ण वगळली गेली. आमच्या मते हे वगळणे फायद्याचे नव्हते. ज्याचे वावर गिळले गेले त्याला देवापुढे ओरडायला शब्द लागतात. ते तिथे मिळाले नाहीत तर तो पारावर शोधतो.

येशूने डोंगरावरील प्रवचनात प्रीती आणि प्रार्थना एका वाक्यात बांधल्या. लूक ६:२८ मध्ये शब्द थोडे निराळे आहेत. मत्तयातला ग्रीक शब्द पाठलाग करून छळण्याचा आहे, तर लूकमधला अपमान करून वाईट वागवण्याचा. टोमणे मारणारी जाऊ, हिशेब बुडवणारा व्यापारी लूकच्या शब्दात नीट बसतात. जुन्या छापील बायबलांत मत्तयाची ओळ लांब दिसते: शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, द्वेष करणाऱ्यांचे बरे करा वगैरे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती तुकडी नाही, ती लूककडून तिथे आली. त्यामुळे दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की ‘कुणी तरी वचन कापले’ अशी जी कुजबुज होते, तिला अर्थ नाही.

पण विदर्भात खरी पकड घेते ती पुढची ओळ, ५:४५. देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. जिथे कापूस-तूर कोरडवाहू आहे आणि मृगाने दगा दिला की दुबार पेरणी डोक्यावर येते, तिथे हे उदाहरण फार लवकर कळते. ढग धुरा पाहून थांबत नाही. म्हणून इथली सर्वांत सरळ प्रार्थना अशी असते: ‘बापा, त्याच्या वावरातबी पानी पडू दे.’

वधस्तंभावर ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ (लूक २३:३४) या वाक्यातले ‘म्हणाला’ हे क्रियापद ग्रीकमध्ये पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्याचे आहे. काही महत्त्वाच्या जुन्या हस्तलिखितांत हे वाक्यच नाही. तरी मंडळीने, म्हणजे चर्चने, ते कधी हातचे जाऊ दिले नाही, आणि दगडमार सोसणाऱ्या स्तेफनाची शेवटची प्रार्थना (प्रेषितांची कृत्ये ७:६०) त्याच वळणाची आहे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) बारा ते तीन चालणाऱ्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांपैकी पहिले हेच. विदर्भात ती वेळ मार्च-एप्रिलच्या उन्हाची, टिनाचे छप्पर तापलेले, आणि अंगणातला माठ तासाभरात अर्धा होतो. लोक ताजे असतात ते पहिल्याच वचनाला. अनुभवी पाळक क्षमेवरचे बोलणे तिथेच आटोपतो, सातव्यासाठी ठेवत नाही.

पहिल्या शतकांतल्या मंडळीने याला रोजच्या शिस्तीत बसवले. ‘दिदाखे’ या अगदी जुन्या शिकवणीत (१:३) वैऱ्यांसाठी प्रार्थना करा आणि छळणाऱ्यांसाठी उपवास करा, असे सांगितले आहे. आठव्या अध्यायात उपवासाचे वारही दिले आहेत: बुधवार आणि शुक्रवार. उपवास म्हणजे काय, हे आपल्या गावात समजावून सांगावे लागत नाही. नवे असते ते एवढेच, की तो दुखावणाऱ्याच्या नावाने करायचा. हे हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडले आणि १८८३ मध्ये छापले गेले. नागपुरात हिस्लॉप कॉलेज सुरू झाले तेही १८८३ मध्येच. ज्यांच्या नावाचे ते कॉलेज, ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदीत बुडून गेले. दिदाखेचा मजकूर त्यांच्या हाती कधीच पडला नाही.

इंग्लंडचा आर्चबिशप क्रॅनमर याने १५४४ मध्ये तयार केलेल्या इंग्रजी लितानीत, म्हणजे आळीपाळीने म्हणायच्या विनंत्यांच्या प्रार्थनेत, ‘आमचे वैरी, छळणारे आणि निंदक यांना क्षमा कर, त्यांची मने वळव’ अशी विनंती आहे. ती लढाईच्या दिवसांत मिरवणुकीने म्हणायला केलेली होती, हे विशेष. अँग्लिकन मंडळ्यांबरोबर ती हिंदुस्थानात आली. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून उत्तर भारतीय मंडळी झाली, तेव्हा वेगवेगळ्या परंपरांतल्या अशा प्रार्थना एका छताखाली आल्या.

मराठीत या वचनांना घर मिळाले त्यात कवी नारायण वामन टिळकांचा वाटा मोठा. नागपुरात काही काळ काम केलेले टिळक राजनांदगावला जात असताना रेल्वेत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. पुस्तक खुणा करत संपवायचे, असे त्यांनी ठरवले होते. डोंगरावरील प्रवचनाशी, म्हणजे मत्तयाच्या ५ ते ७ अध्यायांशी, ते अडकून पडले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता प्रत्यक्ष रीत. शांत जागी माणसाचे नाव घ्यावे. काय झाले ते देवापुढे एका वाक्यात, नेमके सांगावे: ‘त्याने सात-बारावरून माझे नाव उडवले.’ मग त्याच्यासाठी तीन साध्या गोष्टी मागाव्यात, ज्या आपण स्वतःसाठीही मागतो: तब्येत, लेकरांचे शिक्षण, पाऊस. पाच मिनिटे पुरतात. रोज तीच वेळ ठेवावी, आणि किमान एक हंगाम, पेरणीपासून वेचणीपर्यंत, ते सोडू नये. आठवड्यात राग जाईल असे धरून बसलेला माणूस पंधराव्या दिवशी कंटाळतो.

बिघडते ते बहुतेक सभेत. ‘प्रभू, अमक्याला सद्बुद्धी दे’ अशी मोठ्याने केलेली प्रार्थना म्हणजे डोळे मिटून केलेली चहाडी. संध्याकाळपर्यंत ती अमक्याच्या दारात पोचते आणि भांडणाला नवे कारण मिळते. सभेत नाव घेऊ नये, ‘एका शेजाऱ्यासाठी’ एवढेच म्हणावे. दुसरी चूक रोमकरांस पत्र १२:२० मधल्या ‘डोक्यावर निखाऱ्यांची रास’ या शब्दांची. चांगले वागून त्याला जाळू, असा अर्थ लावला जातो. जुन्या मंडळीचा आचार्य ऑगस्टीन याने ते निखारे पश्चात्तापाचे मानले, आणि नीतिसूत्रे २५ मधल्या मूळ ओळीत आधी भाकर आणि पाणी देणेच आहे.

तिसरी चूक सर्वांत महाग पडते. मार खाणाऱ्या सुनेला ‘प्रार्थना कर, सहन कर’ असे सांगून परत पाठवले जाते. याला शास्त्राचा आधार नाही. पौलाने फटके मारायला निघालेल्यांना आपले रोमी नागरिकत्व सांगितले, आणि पुढे कैसराकडे दाद मागितली (कृत्ये २५:११). मत्तय १८:१५-१७ मध्ये आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे, असा क्रम आहे. धुऱ्यासाठी मोजणीचा अर्ज करावा. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेतली समिती असेल तर तिच्याकडे जावे. मारहाण असेल तर पोलिसांत.

सिस्टर राणी मारिया यांची १९९५ मध्ये मध्य प्रदेशात हत्या झाली. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. काही वर्षांनी त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. तोवर खटला चालून निकाल लागला होता आणि तो शिक्षा भोगत होता. भरपाईचे कलम आणि बैलाचे कलम इथेही शेजारीच राहिली.

सुरुवातीला नाव उच्चारतानाच दात आवळले जातात, हे नेहमीचे आहे. अशा दिवशी त्याच्यासाठी काही मागू नये, त्याच्या बैलांसाठी मागावे: चारा, पाणी, खुरांना आराम.