पासवर्ड आहे, मग फाइल सुरक्षित?

‘सर्व्हरला पासवर्ड आहे, मग भीती कसली?’ हा समज मोठा चिवट आहे. जुन्या एफटीपीने, म्हणजे फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवण्याच्या पद्धतीने, फाइल चढवली, तर तो पासवर्डच वाटेतून उघडा जातो. वाटेवर कान लावून बसलेल्याला तो सरळ वाचता येतो. याचा दोष कर्त्यांना देऊ नये. अभय भूषण या आयआयटी कानपूरच्या माजी विद्यार्थ्याने अमेरिकेत एमआयटीत असताना 1971 मध्ये एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला, तेव्हा जाळ्यावर मोजकेच संगणक होते.

पुढे 1995 मध्ये फिनलंडमधल्या एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले आणि तिथल्या टाटू इलोनेन यांनी एसएसएच लिहिले, म्हणजे दोन संगणकांमधले सगळे बोलणे कुलूपबंद करणारी व्यवस्था. फाइल पाठवण्याचे आजचे एसएफटीपी याच एसएसएचच्या पोटात चालते. नावावरून ती एफटीपीचीच कुलूपबंद आवृत्ती वाटते, पण हा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांच्या बोलण्याचे नियम, मुळातच वेगळा आहे.

आता खरी गंमत. मजकूर कुलूपबंद करायचा तर दोन्ही टोकांना एकच किल्ली हवी. ती पाठवायची कशी? वाट तर चोराच्या नजरेखाली! डिफी आणि हेलमन या संशोधकांनी 1976 मध्ये उत्तर दिले: पाठवूच नका.

समजा, तुम्ही आणि सर्व्हर अशा दोघांनी 3 आणि 17 हे आकडे उघडपणे ठरवले. तुम्ही मनात 6 धरला. 3 चा सहावा घात 729, त्याला 17 ने भागून बाकी 15; ती पाठवली. सर्व्हरने मनात 7 धरला. 3 चा सातवा घात 2187, बाकी 11. ती त्याने पाठवली. आता तुम्ही 11 चा सहावा घात घ्या, सर्व्हर 15 चा सातवा घेईल. 17 ने भागल्यावर दोघांकडेही बाकी उरते 8, हीच किल्ली! कारण दोघांनीही शेवटी 3 चा 42 वा घातच काढला, फक्त घातांचा क्रम उलटा. चोराला 3, 17, 15, 11 सगळे दिसले, पण 8 तारेवरून गेलाच नाही. इथे तो सगळे घात तपासून 6 शोधेल. पण 17 च्या जागी सहाशेहून अधिक अंकी मूळ संख्या असेल, तर बाकीवरून घात शोधण्याची व्यवहार्य रीत आजच्या संगणकांकडे नाही. हल्ली हेच काम बहुधा लंबवर्तुळी वक्रांवरच्या बिंदूंनी करतात. बेरजेचे नियम तिथे विचित्र, पण युक्ती तीच. जाहिरातीतल्या ‘लष्करी दर्जाच्या सुरक्षे’चा मंत्र यापुढे पोकळ वाटतो.

मात्र ही किल्ली नेमकी कोणाशी जुळली, हे गणित सांगत नाही. चोरच मध्ये सर्व्हर बनून बसला तर? म्हणून सर्व्हर आपल्या दुसऱ्या, कायमच्या किल्लीने सही करतो आणि पहिल्या जोडणीच्या वेळी तिचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, पडद्यावर दिसतो. बहुतेक जण तो न वाचताच ‘येस’ टाइप करतात. पुढे कधी ‘किल्ली बदलली आहे’ असा इशारा आला, तर सर्व्हर नव्याने बसवलेला असू शकतो किंवा मध्ये कुणी शिरलेले असू शकते. दोन्ही वेळा संदेश तोच दिसतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करून ठसा अक्षर-अक्षर ताडून पाहिला, तरच फरक कळतो.