दहापर्यंत येतं, पण पाच देता येत नाहीत

भाची तीन वर्षांची झाली तेव्हा पाहुण्यांसमोर तिचा एक कार्यक्रम ठरलेला असायचा. एक, दोन, तीन करत थेट दहा, मध्ये कुठेही न अडखळता. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि ताईचा चेहरा खुलायचा.

एका दुपारी शेंगा सोलत बसलो होतो. ताटलीत दाण्यांचा ढीग. मी हात पुढे केला, "मला तीन दाणे दे गं."

तिने मूठभर ओतले.

"हे तीन आहेत?"

"हो."

"मोज बघू."

एकेका दाण्यावर बोट ठेवत तिने मोजलं. सात भरले. "मग किती दिलेस मामाला?" "तीन!" आवाजात शंकेचा लवलेश नाही. दोन मागितल्यावर मात्र नेमके दोन आले. एक मागितला, एक आला.

हा खेळ माझा नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी 1990 च्या सुमारास तो लहान मुलांशी पद्धतशीर खेळून पाहिला आणि त्यातून जे दिसलं ते आजही चकित करतं. मुलं संख्या शिकतात ती ठरावीक क्रमाने आणि फार सावकाश. आधी फक्त 'एक' कळतो. काही महिने जातात, मग 'दोन'. आणखी काही महिने, मग 'तीन'. या सगळ्या काळात दहापर्यंतचे आकडे तोंडपाठ असतात, पण ते 'ये रे ये रे पावसा'सारखे. चाल येते, अर्थ येतोच असं नाही. मग वयाच्या साडेतीन-चारच्या सुमारास उडी पडते. तीन किंवा चारनंतर पाच, सहा, सात असं एकेक शिकावं लागत नाही. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजेच सगळ्यांची मिळून संख्या, हे मुलाला उमगतं आणि जिथवर मोजता येतं तिथवरच्या साऱ्या संख्या एकदम हाती लागतात.

तीनपाशीच का अडतं? तीनपर्यंतच्या वस्तू आपल्याला मोजाव्या लागत नाहीत, त्या नुसत्या दिसतात. ही नजर फार लवकर येते. 1992 मध्ये विन यांनीच पाच महिन्यांच्या बाळांना एक बाहुली दाखवली, तिच्यापुढे पडदा धरला आणि बाळाच्या देखत पडद्यामागे दुसरी बाहुली ठेवली. पडदा हटल्यावर एकच बाहुली दिसली, तर बाळं जास्त वेळ टक लावून पाहत राहिली, जणू दुसरी गेली कुठे! मोठ्या संख्यांचा अंदाजही बाळांना असतो, पण ढोबळ. सहा महिन्यांच्या बाळाला 8 ठिपके आणि 16 ठिपके यांतला फरक कळतो, 8 आणि 12 मधला कळत नाही. म्हणजे जवळ एक नजर आणि एक अंदाज. 'नेमके सात' या दोन्हींत कुठेच बसत नाहीत. तिथे शब्दांची शिडी लागते.

आणि शब्द आले की भाषा आलीच. 2007 च्या एका अभ्यासात इंग्रजी आणि रशियन बोलणारी मुलं जपानी मुलांपेक्षा लवकर 'एक' शिकताना दिसली. जपानीत नामाला अनेकवचन लावावंच लागत नाही. इंग्रजी-रशियनमध्ये एक की अनेक, हे पावलोपावली कानावर पडतं. स्लोव्हेनियनमध्ये तर द्विवचन आहे, आणि तिथली मुलं 'दोन' लवकर शिकतात, असं 2013 मध्ये दिसलं. संस्कृतचं द्विवचन मराठीत उतरलं नाही. शाळेत 'रामौ' घोकताना मला त्याचा आनंदच वाटायचा, आता जरा हळहळ वाटते. अनेकवचन आपल्याकडे आहे, पण सगळीकडे नाही: एक पोळी, दोन पोळ्या, लाडू मात्र एक असो की दहा, लाडूच.

खरी परीक्षा दहानंतर. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' म्हणतात. दहापर्यंत चिनी आणि अमेरिकी मुलं बरोबरीने मोजतात, अकरा-बारापासून चिनी मुलं पुढे निघतात. आपल्याकडे शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो. सत्तावीस घ्या: लिहिताना दोन आधी, बोलताना 'सत्ता' आधी आणि 'वीस' मागून. त्यावर एकोणतीस: म्हणायचं तीस, मोजायचं त्याहून एक कमी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचा मुद्दा साधा होता: जोडाक्षरांनी आणि उलट क्रमाने मुलं गोंधळतात. वाद भाषेच्या अस्मितेवर गेला आणि मुलं बाजूला राहिली. मला स्वतःला 'पंचेचाळीस' हा शब्द आवडतो, तो जाऊ नये असंच वाटतं. पण तो मला आवडायला किती वर्षं लागली, हेही आठवतं.

भाची आता साडेचार वर्षांची आहे. परवा पाच दाणे मागितले, तर ओठ हलवत पाच मोजून दिले आणि हातात उरलेला सहावा तोंडात टाकला. मोजणी अठ्ठावीसपर्यंत बिनचूक पोहोचते. त्यापुढे ती म्हणते 'नववीस'. मी काही बोलत नाही. आजी मात्र दर वेळी स्वयंपाकघरातून ओरडते, "एकोणतीस!"