स्वयंचलित डिप्लॉयमेंट

स्वयंचलित डिप्लॉयमेंट : तयार झालेला प्रोग्रॅम कोडच्या भांडारातून वापराच्या सर्व्हरवर नेऊन चालू करण्याची कामे हाताने एकेक न करता, आधी लिहून ठेवलेल्या क्रमाने एखाद्या साधनाकडून करवून घेण्याची पद्धत. कॅपिस्ट्रानो, डिप्लॉयर, अँसिबल व जेनकिन्स ही या कामातील परिचित साधने होत. या पद्धतीने वेळ वाचतो हे खरे. परंतु प्रत्येक वेळी आणि प्रत्येक सर्व्हरवर तीच कामे त्याच क्रमाने होणे आणि बिघडल्यास मागे फिरण्याची वाट शाबूत राहणे, हे तिचे अधिक मोलाचे लाभ आहेत.

सोलापुरात चादर-टॉवेलचे घाऊक व्यापारी, दवाखाने, शिकवणी वर्ग यांच्यासाठी संकेतस्थळे व बिलिंगचे प्रोग्रॅम करून देणारे छोटे गट आहेत. काम सोलापुरात होत असले, तरी सर्व्हर बहुधा मुंबईतील किंवा परदेशातील डेटा सेंटरमध्ये असतो. अशा ठिकाणी रुळलेली जुनी रीत म्हणजे बदललेल्या फाइली एफटीपीने, म्हणजे फाइली पाठवण्याच्या जुन्या साध्या पद्धतीने, हाताने चढवणे. कोणत्या फाइली बदलल्या हे चढवणाऱ्याच्या स्मरणावर अवलंबून असते, फाइली चढत असताना संकेतस्थळ अर्धे जुने व अर्धे नवे असते, आणि पूर्वीची प्रत ‘जुने’, ‘जुने २’, ‘फायनल’ अशा नावांच्या फोल्डरांत शोधावी लागते. सर्व्हर एकच असेल तर हे कसेबसे निभते. सर्व्हर वाढले की निभत नाही. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने २०१२ मध्ये नवा कोड चढवताना आठपैकी एक सर्व्हर राहून गेला. १ ऑगस्ट रोजी बाजार उघडताच त्या सर्व्हरवरील जुना, निरुपयोगी ठरलेला भाग जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले.

कॅपिस्ट्रानो हे रुबी भाषेतील साधन जेमिस बक यांनी तयार केले. त्याचे पहिले नाव स्विचटॉवर असे होते. २००६ मध्ये ते बदलण्यात आले. त्याने रूढ केलेली फोल्डरांची मांडणी पुढे संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी भाषेच्या डिप्लॉयरसारख्या साधनांनीही उचलली. सर्व्हरवर ‘रिलीजेस’ नावाच्या फोल्डरात प्रत्येक डिप्लॉयमेंटसाठी स्वतंत्र उपफोल्डर तयार होतो आणि ‘करंट’ नावाची सिमलिंक, म्हणजे केवळ दिशा दाखवणारी खूण, त्यांपैकी एकाकडे वळवलेली असते. वेब सर्व्हरला फक्त ‘करंट’ ठाऊक असते. नवा कोड उतरवणे, लायब्ररी म्हणजे इतरांचा तयार कोड बसवणे, पानांच्या सीएसएस व जावास्क्रिप्ट फाइली बांधणे ही वेळखाऊ कामे नव्या उपफोल्डरात उरकतात, आणि ती सर्व निर्विघ्न पार पडल्यावरच खूण एका क्षणात नव्याकडे वळते. त्यामुळे सोलापुरातील कार्यालयाची वीज किंवा इंटरनेट मध्येच गेले, तरी खूण वळण्यापूर्वी ग्राहकासमोर जुनेच संकेतस्थळ चालू राहते. डिप्लॉयरमध्ये मात्र अशा वेळी, एकाच वेळी दोन डिप्लॉयमेंट होऊ नयेत म्हणून लावलेले कुलूप तसेच राहू शकते आणि ते ‘अनलॉक’ची आज्ञा देऊन काढावे लागते.

कॅपिस्ट्रानो उपफोल्डरांना तारीख-वेळेची नावे देते आणि ती जागतिक प्रमाणवेळेनुसार असतात. सोलापुरात १५ जानेवारी २०२५ रोजी, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, दुपारी पावणेपाचला केलेल्या डिप्लॉयमेंटच्या नावाचा शेवट १११५०० असा होतो. साडेपाच तासांचा हा फरक लक्षात नसला, तर घाईच्या वेळी भलताच फोल्डर तपासला जातो.

साधन बसवताना पहिले काम खात्याचे. सर्व्हरवर रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या, खात्याने डिप्लॉय करू नये. ‘डिप्लॉय’ नावाचे वेगळे खाते काढून त्यात पासवर्डऐवजी एसएसएच किल्लीने (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित प्रवेश देणाऱ्या किल्लीच्या फाइलीने) प्रवेश ठेवावा, आणि सुडोची, म्हणजे रूटच्या अधिकाराने आज्ञा देण्याची, मुभा केवळ सेवा पुन्हा सुरू करण्यापुरती द्यावी. कोडच्या भांडारासाठी सर्व्हरला फक्त वाचता येईल अशी किल्ली पुरते. त्यानंतर कॅपिस्ट्रानोची ‘कॅप इन्स्टॉल’ ही आज्ञा दिली की सेटिंगच्या फाइली तयार होतात. त्यांत भांडाराचा पत्ता, त्यातील कोडची कोणती शाखा (आवृत्ती) घ्यायची, सर्व्हरवरील जागा आणि चाचणीचा व प्रत्यक्ष वापराचा सर्व्हर यांची वेगवेगळी नोंद करायची असते. हा भाग अर्ध्या दिवसाचाही नाही.

खरी कसोटी सामायिक फोल्डर ठरवताना लागते. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल आणि वापरकर्त्यांनी चढवलेल्या फाइलींचा फोल्डर ‘शेअर्ड’मध्ये ठेवून प्रत्येक नव्या रिलीजला, म्हणजे डिप्लॉयमेंटच्या नव्या उपफोल्डराला, जोडावे लागतात. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने जॅकार्ड चादरींच्या नव्या डिझाइनचे फोटो संकेतस्थळावर चढवले आणि तो फोल्डर सामायिक यादीत नाही. तर फोटो त्या वेळच्या रिलीजमध्ये जाऊन बसतात आणि पुढच्या डिप्लॉयमेंटनंतर संकेतस्थळावर दिसेनासे होतात. ते पुसले गेलेले नसतात, मागच्या उपफोल्डरात असतात. पण कॅपिस्ट्रानो मुळात शेवटची पाचच रिलीजे ठेवते. तक्रार येईपर्यंत आणखी काही वेळा डिप्लॉय झाले, तर फोटो खरोखरच नष्ट होतात. दिवाळीच्या ऑर्डरी चालू असताना, दिवसाला दोन-तीन बदल जात असतील, तर ही मुदत फार लवकर संपते.

पीएचपीच्या संकेतस्थळांत आणखी एक खोच आहे. खूण वळली तरी ऑपकॅश, म्हणजे वेगासाठी पीएचपी कोड स्मृतीत साठवणारी सोय, जुन्या मार्गावरील कोड धरून बसते आणि ‘डिप्लॉय झाले, पण बदल दिसत नाही’ अशी परिस्थिती उद्भवते. पीएचपी कोड चालवणारी पीएचपी-एफपीएम ही सेवा रीलोड करण्याची पायरी शेवटी जोडणे किंवा एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये सिमलिंकऐवजी खरा मार्ग पुढे पाठवणे हे त्यावरचे उपाय आहेत. ब्राउझरची कॅश पुसण्यात अनेकांचा उगाच वेळ जातो.

नवे रिलीज बिघडले तर ‘रोलबॅक’च्या एका आज्ञेने खूण मागच्या उपफोल्डराकडे वळते, मात्र डेटाबेस तिच्याबरोबर मागे जात नाही. नव्या रिलीजने मालाच्या तक्त्यातील एखाद्या रकान्याचे नाव बदलले असेल, तर परत आणलेला जुना कोड जुन्याच नावाचा रकाना शोधतो आणि ऑर्डर नोंदवण्याचे पानच बंद पडते. म्हणून असा बदल एका दमात न करता आधी नवा रकाना केवळ जोडला जातो, काही काळ कोड दोन्ही रकान्यांत लिहितो, आणि जुन्या कोडकडे परतण्याची गरज उरली नाही अशी खात्री पटल्यावर, पुढच्या एखाद्या डिप्लॉयमेंटमध्ये, बॅकअप घेऊनच जुना रकाना काढला जातो.