ठिपके गेले म्हणजे रोग गेला? छे!

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात एक सल्ला हमखास मिळतो: खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशावर पांढरे ठिपके आले की हीटर वाढवा, नाहीतर नुसतं थांबा, आपलं ऊनच औषध. आठवडाभरात ठिपके खरंच जातात. म्हणून तर हा समज टिकलाय.

जातात, कारण त्यांची निघायची वेळच झालेली असते. हे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन नावाचा परजीवी. तो माशाला ३ ते ७ दिवस खातो, मग गळून वाळूत, दगडावर कवच करून बसतो. त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडायला कधी ३ दिवस, कधी महिना. उष्णतेचा उपाय गोड्या पाण्यातल्या ठिपक्यांचा. तो परजीवीच वेगळा. इथे गरम पाण्यात प्राणवायू घटतो आणि कल्ले आधीच दुखावलेला मासा वर येऊन तोंड उघडझाप करत राहतो.

मासे वेगळ्या, वाळू नसलेल्या टाकीत काढा. तिथे तांब्याचं औषध. आयनिक (पाण्यात मोकळं विरघळलेलं तांबं) असेल तर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, रोज तांबं तपासायच्या किटने मोजून, किमान ३ आठवडे. मुख्य टाकीत तांबं घातलंत तर कोळंबी, प्रवाळ गेलेच म्हणून समजा. ती टाकी किमान ६ आठवडे बिनमाशांची ठेवायची. मी अडीच महिने ठेवतो.